पान सत्तेचाळीस

यमे, तुला शेवटची आंघोळ घालायला बायकांनी मला पुढं केलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तुझी पाठ पाहिली.

घरामागं दोन लुगडी बांधून आडोसा केला होता. तुझी भावजय तांब्यानं पाणी ओतत होती. शेजारची छबूबाई, तुझ्याच हाताखाली शिकलेली अंगणवाडीताई, तुला खांद्याला धरून कुशीवर वळवत होती. साबण माझ्या हातात दिला होता. मी मानेपासून खाली हात आणला आणि हाताखाली कातडं बदललं. तुला माहितीय, माझा चष्मा पाण्याच्या वाफेनं धुरकटतो. मी पदरानं पुसला आणि परत पाहिलं.

बिब्ब्याचा डाग कसा असतो ते मी हजार विद्यार्थ्यांना शिकवलंय. ठिपका असतो नाहीतर फुली असते. सुईनं टोचलेल्या बिब्ब्याचं तेल जिथं टेकवलं तिथं काळपट, वेडंवाकडं, कडा पसरलेल्या. तुझ्या पाठीवर उलथनं होतं, यमे. उलथन्याचं अख्खं पातं, एका बाजूला सरळ कड, दुसरीकडं गोलवट, आणि दांडा जिथं सुरू होतो ती मानसुद्धा. तीनदा. दोन शेजारी शेजारी आणि तिसरं त्या दोन्हींवर आडवं.

माझा हात थांबला. तुझी आई उंबऱ्यात बसली होती. तिला धड दिसत नाही, पण हात थांबलेला कळला असावा.

"बिब्बा हाय तो," ती म्हणाली.

तिला कुणीही काही विचारलं नव्हतं.

मुलांवरच्या अत्याचारांबद्दल आपण दोघींनी केलेल्या पुस्तकात प्रकरण दोनमध्ये मीच लिहिलंय: जखमेबद्दल न विचारता आलेला खुलासा लक्ष देऊन ऐकावा. परीक्षेला हा प्रश्न मी दर दोन वर्षांनी टाकते. आणि त्या उंबऱ्यासमोर, साबणाचा हात तुझ्या पाठीवर ठेवून, मला त्याचं उत्तर आठवायला वेळ लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावाला वळसा घालून मी दोनशे दहा पानं लिहिली.

लोक मला विचारतात, तुमचं नि यमुनाबाईंचं कसं काय जमलं? जमलं कुठं, भांडण जमलं. समाजकार्याच्या कॉलेजात मी शिकवायची आणि मुलांना गावात क्षेत्रकार्याला नेण्यासाठी तुला नेमलेलं होतं. मी नगरची, सावेडीत वाढलेली, तू तिसगावजवळच्या वस्तीवरची. पहिल्याच दिवशी तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलीस आणि तास संपल्यावर म्हणालीस, "बाई, तुमी शिकवता ती पोरं कुठल्या गावातली हायेत? आमच्याकडं असली न्हाईत." मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. पण घरी जाऊन पुस्तक उघडलं तर खरंच, त्यातल्या पोराला स्वतःची खोली होती आणि त्याचे आईवडील त्याच्याशी जेवणाच्या टेबलावर बोलत नव्हते, हे दुर्लक्षाचं उदाहरण होतं. आमच्या विद्यार्थ्यांना बालकांवरचे अत्याचार आणि दुर्लक्ष शिकायला जी पुस्तकं होती ती सगळी अशी. मराठीत आणलेली, पण कुठल्याच मराठी घरात न गेलेली.

मग आपण पुस्तक लिहायला बसलो. माझ्या सावेडीच्या घरी, जेवणाच्याच टेबलावर. तू सांगायचीस, मी लिहायची, आणि मी लिहिलेलं तुला वाचून दाखवलं की तू डोळे मिटून मान हलवायचीस. "न्हाई बाई. हे लई सोवळं झालं." पोराला बाप कसा मारतो हे मी 'शारीरिक इजा' म्हणून लिहायची, आणि तू म्हणायचीस, लिहा, बैलाच्या वादीनं मारतो. लिहा, विहिरीत उलटं धरतो. लिहा, मिरचीची धुरी देतो, पोरगं खोकून खोकून रक्त वकतं. शिकणाऱ्या पोरींना आधी कळूंद्या, मग त्या गावात जाऊन घेरी येऊन पडणार न्हाईत. मी लिहीत गेले. माझी पेनाची बोटं गार पडायची आणि तू मात्र भाजी निवडावी तसं सांगत असायचीस. मला वाटायचं, हिला सवय झालीय. काय काय वाटायचं मला.

पान सत्तेचाळीस त्याच टेबलावर झालं. भाजल्याच्या खुणांचं प्रकरण चाललं होतं. मी विचारलं, बिब्ब्याचं काय करायचं? इकडं पोटात दुखलं, पाय मुरगळला, दम लागला की आज्या बिब्बा घालतात. विद्यार्थी डाग बघून घाबरतील.

तू म्हणालीस, "माझ्या पाठीवर हायेत की. आजीनं घातलेलं. दम लागायचा मला लहानपनी. तसलं अत्याचार म्हनून लिवू नका, न्हाईतर गावोगाव म्हाताऱ्या आत जातील."

आपण दोघी हसलो. मी दहा मिनिटांत परिच्छेद लिहून काढला. तो मला आजही पाठ आहे. "या भागात बिब्बा घालण्याची पद्धत सर्रास आढळते. असे डाग दिसल्यास घरातील आई अथवा आजीकडून खात्री करून घ्यावी. उपचाराचा डाग असल्यास त्याची अत्याचार म्हणून नोंद करू नये." पुस्तक आलं तेव्हा सगळ्यांनी याच पानाचं कौतुक केलं. म्हणाले, हे खरं या मातीतलं पुस्तक. मी फुशारले. तुझी पाठ दाखव, असं मी म्हणाले नाही. सभ्यपणा आड आला. सभ्यपणा कसला, मला पान पुरं करायचं होतं.

पुस्तकावर तुझं नाव घालायचं ठरलं तेव्हाही तू नको म्हणालीस. "घरचं वाचतील," एवढंच. मी तो विनय समजले आणि आभारात चार ओळी लिहिल्या. तुझ्या घरी वाचता येणारी तू एकटीच होतीस, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दुर्लक्षाच्या प्रकरणावरून तर आपण महिनाभर भांडलो. मी यादी केली होती: मूल घरी एकटं असणं, लहान मुलावर त्याहून लहान भावंडाची जबाबदारी टाकणं, शाळा बुडणं, वेळेवर जेवण न मिळणं. तू ती यादी ऐकलीस आणि ताट सरकवून उठलीस. "ही तर माझी आई झाली," म्हणालीस. ऊसतोडीला जाणारी बाई पोरगं कुठं ठेवणार? कोपीत. उसाच्या पाचटाची ती खोपटी, तिला ना दार ना कडी. अंधार असतानाच नवरा-बायको फडात जाणार आणि आठ वर्षांची पोरगी वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन बसणार. "दुर्लक्ष कुनी केलं, बाई? माझ्या आईनं? का ज्यानं तिला तिथं न्हेलं त्यानं? आईला आरोपी करू नका. आई सोडून सगळ्यांची नावं लिवा." तू इतक्या जोरानं टेबलावर हात आपटलास की वाटीतलं वरण प्रूफांवर सांडलं. मी शेवटी एक उपविभाग घातला, हंगामी स्थलांतर आणि पालकांची कोंडी. तो आजही पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग आहे. तो तू कोणासाठी लिहून घेतलास, हे मला परवा कळलं.

आणखी एक सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शिक्षेच्या नावाखाली होणारी मारहाण, हे प्रकरण आपण तपासत होतो आणि आत माझी लेक सई गणिताच्या वहीवरून खोटं बोलली. नऊ वर्षांची होती. मी उठले, स्टीलची फूटपट्टी घेतली आणि तिच्या पोटरीवर दोन ओढल्या. तिसरी ओढायला हात वर केला तो खाली आलाच नाही. तू मागून मनगट धरलं होतंस. माझ्या दोन बांगड्या फुटल्या आणि काचा हातात रुतल्या. तुझं तोंड मी पाहिलं आणि खरं सांगते, मला तुझी भीती वाटली. तू ती फूटपट्टी गुडघ्यावर घेतलीस आणि वाकवलीस, स्टीलची, आणि टेबलावर ठेवून म्हणालीस, "आता वाचा, बाई. प्रकरण पाचवं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान. सई पडद्याआडून बघत होती. आज ती मोठी झालीय. तू गेल्याचं सांगितल्यावर ती फोनवर पहिलं वाक्य हेच बोलली, "आई, मावशीनं वाकवलेली पट्टी अजून आहे का गं?" आहे. खणात आहे.

मग मिरजगावची ती मुलगी. तिचं नाव तू मला कधीच लिहू दिलं नाहीस आणि आत्ताही लिहीत नाही.

दीपाली नावाची माझी विद्यार्थिनी तिथं क्षेत्रकार्याला होती. सहा वर्षांची पोर, दंडावर आणि मांडीच्या मागं डाग. दीपालीनं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आजीला विचारलं. आजी म्हणाली, पडली हुती, बिब्बा घातलाय. दीपालीनं रोजनाम्यात लिहिलं: उपचाराचा डाग, पान ४७ पाहावे. मी त्याखाली हिरव्या पेनानं सही केली आणि 'छान निरीक्षण' असा शेरा मारला.

वीस दिवसांनी त्या पोरीला नगरच्या दवाखान्यात आणलं. बापानं दोन्ही पाय धरून तिला भिंतीवर आपटलं होतं. एकदा नव्हे. कपाळ उघडं पडलं होतं, मांडीचं हाड मोडलं होतं, डाव्या कानातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी दंडावरचे डाग बघितले आणि म्हणाले, हे तापलेल्या सळईचे आहेत, कमीत कमी महिन्याचे जुने. महिन्याचे. म्हणजे दीपालीनं पाहिले तेच. पोर वाचली. आता सरकारी बालगृहात आहे, डाव्या कानानं ऐकत नाही, पाय ओढत चालते.

बाप दवाखान्याच्या व्हरांड्यात उकिडवा बसला होता, तंबाखू मळत. तू आलीस, थांबलीस, चप्पल काढलीस. मी आजवर मारहाण पुष्कळ ऐकली, पण इतक्या जवळून पाहिली तेवढीच. तू बोलत नव्हतीस, शिव्या देत नव्हतीस, नुसती मारत होतीस, तोंडावर, एकाच जागी, आणि त्याचा ओठ फाटून रक्त तुझ्या ब्लाउजवर उडालं. एक पोलीस शिपाई तुला आवरायला आला तर तू त्याच्या हाताला चावलीस. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी तुमच्याच बाजूचा हाय." तेव्हा कुठं तू सोडलंस. मग माझ्याकडं वळलीस. चप्पल हातातच होती. क्षणभर वाटलं, आता मला.

"बाई, ते पान काढा," तू म्हणालीस.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात जे बोलले ते आता मला रोज ऐकू येतं. मी म्हणाले, पुस्तक म्हणजे फळा नव्हे, पुसला आणि परत लिहिला. म्हणाले, चूक पानाची नाही, दीपालीची; नीट खात्री केली नाही तिनं. बघ, आपली कातडी वाचवायला मी एका पोरीला पुढं केलं. तू म्हणालीस, खात्री आईला इचारून करायची, असं लिवलंय तुमी. ज्यानं डागलं त्यालाच इचारायचं व्हय? मग मी ते बोलले. "तूच सांगितलंस ना? तुझ्या पाठीवर आहेत ना बिब्ब्याचे डाग? का तेव्हा खोटं बोललीस?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी खुर्चीत बसले होते, पेन हातात होतं. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते आणि तिथं काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही, कारण मला जिंकायचं होतं.

"पान काढा म्हनते, माझी पाठ कशाला काढता?" असं म्हणून तू टेबलावरचं पुस्तक उचललंस आणि भिंतीवर फेकलंस. ते घड्याळाला लागलं, काच फुटली. तू गेलीस. चार महिने आपण बोललो नाही. तू इकडं येताना दिसलीस की मी मागच्या जिन्यानं जायचे.

त्या चार महिन्यांत ग्रंथपाल दोनदा माझ्याकडं आले. मॅडम, कुणीतरी तुमच्या पुस्तकातलं एकच पान फाडतंय. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. सगळ्या प्रतींतलं. मी वर्गात जाऊन तांडव केलं. कोण आहे तो पुस्तकाचा खुनी, असं म्हणाले. सापडला तर ओळखपत्र जप्त करीन. मागच्या बाकावर बसायची तुझी जागा रिकामी होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आणि मग त्या सकाळी छबूबाईचा फोन. पाण्याची घागर उतरवताना तू बसलीस ती उठलीच नाहीस.

राख सावडायच्या दिवशी मी परत वस्तीवर आले. खरं तर यायची हिंमत नव्हती, पण न येण्याची त्याहून नव्हती. माणसं गेल्यावर तुझ्या आईजवळ बसले. ती ओसरीवर भिंतीला टेकून होती. अकरा वर्षांत मी तिला कितीदा भेटले, तिच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली, आणि नेहमी म्हणायचे, यमे, तुझी आई म्हणजे देवमाणूस.

मी म्हणाले, "आजी, तो बिब्बा नव्हता."

ती हातानं जमीन चाचपत राहिली. मग बोलायला लागली, आणि मध्ये थांबली नाही.

"धाकटा पाटात गेला. ही त्याला घिऊन बसलेली कोपीत. बसल्या बसल्या डोळा लागला आसंल, आठ वर्साची तर हुती. त्यो रांगत रांगत गेला आन् पाटात पडला. आमी आलो तवा दोघं तिघं त्याला उलटा धरून उभी हुती. मेलेला. चूल पेटलेली हुती. उलथनं त्याच्यात मीच घातलं. लाल व्हईस्तवर थांबले, बाई. रागाच्या भरात न्हाई, थांबले मी. पयला डाग मला आठवतो. दुसरा न्हाई आठवत. तिसऱ्याला तिनं आवाज काढला न्हाई, म्हनून थांबले."

मी विचारलं काय, तर औषध काय लावलं. असं तोंडातून निघालं, सवयीनं, अर्जातला रकाना भरावा तसं.

"चुना आन् गोडंतेल. दुसऱ्या दिशी फडात गेलो. मुकादम थांबू देत न्हवता."

मग ती म्हणाली, "बिब्बा मी न्हाई शिकवला तिला. पट्टा पडून हंगाम सरल्यावर गावी आलो, तवा नळावरच्या बाया इचारू लागल्या. ही पुढं झाली आन् म्हनली, बिब्बा घातलाय आजीनं. घरात आल्यावं मला म्हनली, आये, कुनी इचारलं तर आसंच सांगायचं. तिनं शिकवलं मला. आठ वर्साच्या पोरीनं."

यमे, तू आयुष्यभर त्या बाईला सांभाळलंस. नवऱ्यानं एक थप्पड मारली तर दुसऱ्या दिवशी पेटी उचलून चालत माहेरी आलीस, आणि आलीस ती हिच्याकडं. तिची वेणी घातलीस, तिला न्हाऊ घातलंस. मी याचा अर्थ लावायला गेले आणि लागेना. क्षमा म्हणू? भीती म्हणू? पुस्तकात दोन्हींसाठी शब्द आहेत, मीच दिलेत, आणि दोन्ही तुझ्या घरात शिरत नाहीत. तुझी आई म्हणाली, "माझ्या पाठीला साबन लावताना तिचा हात लई हळू चालायचा. मला वाटायचं, एक डाव तरी जोरात घासंल. कदीच न्हाई घासलं." ते ऐकून मला तिचा गळा दाबावासा वाटला, आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं सांगते. दोन्ही केलं नाही.

"लिवा तुमच्या पुस्तकात," ती म्हणाली. "माझं नाव घालून लिवा. आता तिला इचारायचं ऱ्हायलं न्हाई."

पण राहिलंय ना. तुझाच तो नियम होता: पोराला विचारल्याशिवाय त्याचा डाग कागदावर आणायचा नाही. म्हणून पुस्तकात तुझी पाठ येणार नाही, तुझ्या आईचं नाव तर नाहीच. इथं मात्र लिहावं लागलं. माझी चूक सांगायची तर तुझ्या पाठीवाचून सांगता येत नाही. तू असतीस तर भांडली असतीस. भांड.

छबूबाईनं मग आतल्या खोलीत नेलं. दाराआड आपल्या पुस्तकांचा ढीग होता, अंगणवाडीताईंच्या शिबिरांसाठी तू नेलेल्या सगळ्या प्रती. मी वरची उघडली. सेहेचाळीसनंतर एकोणपन्नास. दुसरी उघडली. तिसरी. प्रत्येकीत शिवणीपाशी फाटलेली किनार, नखानं ओरबाडल्यासारखी. घाईत फाडलेली काही, काही सावकाश. पानं कुठं गेली विचारलं तर छबूबाई म्हणाली, बंबात. यमुनाताई आंघोळीचं पाणी त्याच्यावर तापवायच्या.

मी तिथंच खाली बसले आणि हसले, यमे, हसता हसता रडले. पुस्तकाचा खुनी.

"मग शिबिरात या पानाचं काय करायचात?" मी विचारलं.

"ते पान तोंडी हाय," छबूबाई म्हणाली. "ताईंनी पाठ करून घेतलंय आमच्याकडनं. म्हनू का?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखे हात मागं घेऊन, आणि म्हणून दाखवलं. मी पिशवीतली वही काढून लिहून घेतलं, शब्दाला शब्द.

"बिब्बा हाय म्हनलं की आईला इचारायचं न्हाई, आजीला न्हाई, बापाला तर न्हाईच. पोरीला भाईर घ्यायचं. एकटीला. तिच्यासंगं खाली बसायचं, उभ्यानं न्हाई इचारायचं. बिब्बा जितं दुखतं तितं घालत्यात, म्हनून तिला एकच इचारायचं, कुठं दुखत हुतं? मग गप बसायचं. ती लगीच सांगनार न्हाई. बिब्बाच म्हनंल. हसंलबी. तरी उठायचं न्हाई. परत जायाचं, परत इचारायचं. डागाचा आकार वहीत काढायचा आन् वर कळवायचं, आपन ठरवायचं न्हाई. आन् ती मोठी झाली, कामाला लागली, तुमच्या घरी जेवाय आली, तरी इचारायचं."

शेवटचं वाक्य म्हणताना छबूबाई अडखळली. म्हणाली, हे ताईंनी आत्ता मागच्या शिबिरात वाढवलं, कशासाठी ते काय कळलं न्हाई आमाला.

मला कळलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं आहे हे, पण नवीन आवृत्तीत पान सत्तेचाळीसवर हेच येईल, असंच, तुझ्या तोंडचं. मुखपृष्ठावर तुझं नाव माझ्या आधी येईल. दीपालीला मी घरी बोलावलं आणि तिची माफी मागितली. ती आता त्या बालगृहात दर आठवड्याला जाते, पोरीच्या उजव्या बाजूला बसते, कारण डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही.

तू माझ्या घरी अकरा वर्षं जेवायला आलीस, यमे. माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचीस, भिंतीला पाठ करून. नेहमी तीच खुर्ची. आज मी ती ओढून घेतली आणि तिच्या शेजारी खाली फरशीवर बसलेय. वही मांडीवर आहे, कुणाला कळवायचं उरलेलं नाही. तरी पान तोंडी म्हणते आणि त्यात सांगितलंय तेवढंच विचारते.

यमे, कुठं दुखत होतं?